पूर्ण झालेली शर्यत

वेग वाढवायला टर्बो बसवल्यापासून लेकीची गाडी एकाही शर्यतीत टिकली नव्हती. दोन-चार फेऱ्यांतच इंजिन तापायचं आणि गाडी दोरीला बांधून परत यायची. मेकॅनिक बापाने हिवाळाभर खपून मोठा रेडिएटर बसवला, ऑइल कूलर जोडला, पाइप बदलले.

आज गाडीने कुरकुर केली नाही. सरळ रस्त्यावर तिचा हात धरणारी दुसरी गाडी नव्हती. वळणांवर मात्र एकेक जण पुढे निघून गेला आणि लेक सर्वांत शेवटी आली.

बाप धावत आला. "बघितलंस? तापमानाचा काटा जागचा हलला नाही! आता ही तुला कधीच दगा देणार नाही."

लेकीने हेल्मेटसुद्धा काढलं नाही. "बाबा, गाडी बंद पडायची ना, तेव्हा निदान वाटायचं, चालली असती तर मी जिंकले असते."