कानाचं मशीन

"ऐकू येतंय का, मेजर?" मंडळाच्या अध्यक्षांनी माईक बाजूला सारून अगदी हळू विचारलं. नव्या मशीनची करामत सभेला दिसायला हवी होती.

म्हातारा क्षणभर घुटमळला. अध्यक्षांनी माईक त्याच्या तोंडाशी धरला. थकल्या आवाजात तो म्हणाला, "येतंय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेली त्याची सून मात्र टाळ्या वाजवता वाजवता थांबली. आता घरात तोंड सांभाळावं लागणार होतं.

मेजर ही पदवी लोकांनी दिलेली. लढाईत तो साधा शिपाई होता. पण दर वर्षीच्या सत्कारात वक्ते त्याला एकेक पायरी चढवत गेले. असल्या बढतीत कुणाच्या खिशाला झळ लागत नाही. मिळालेल्या ढाली, घड्याळं, चौकटी कपाटावर दाटीवाटीने उभ्या होत्या. सत्कार मंडळाने करायचा आणि धूळ सुनेने पुसायची, अशी कामाची वाटणी होती.

पूर्वी म्हाताऱ्याला चांगलं ऐकू यायचं. तेव्हा व्यासपीठावर एकच फर्माईश असे. "खंदकात तुमचा जोडीदार तुमच्या मांडीवर कसा गेला, ते सांगा!" तो सांगे. लोक डोळे पुसत आणि चहाला जात. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसे. ताट तसंच परत येई. मग एका वर्षी त्याचे कानच गेले. तोफांचा परिणाम, असं मंडळाने ठरवून टाकलं. तोफेचा आवाज कानात पोचायला इतकी वर्षं कशी लागली, हे विचारायला कुणाला सवड होती?

सुनेला तर ही सोयच झाली. नवरा सदा फिरतीवर. भांडी घासता घासता ती मनातलं सगळं ओकून टाकी. गुडघे दुखतात. शेजारीण शिष्ट आहे. कपाटाचं दार कुरकुरतं, डोकं उठतं. एकदा, जीव अगदी विटला तेव्हा, पुटपुटलीही होती, "म्हातारा डोळे मिटेल तेव्हा कुठे पोरीला अभ्यासाला खोली मिळेल." दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्याने आपली खाट व्हरांड्यात ओढली. "आत गुदमरतं," म्हणाला. सुनेला वाटलं, चला, पोरीचं नशीब.

"आज भाषणांतच वेळ संपला," अध्यक्ष सांगत होते, "तेव्हा मेजरांची कहाणी उद्या शाळेत! आता कान आलेत, मुलं प्रश्नही विचारतील. खंदकाचं सगळं अगदी सविस्तर!"

घरी आल्यावर म्हातारा बूटही न काढता खुर्चीत बसला. भिंतीकडे तोंड करून. सुनेने ताट वाढलं, तर त्याने नुसती मान हलवली.

संध्याकाळी मंडळाचे चिटणीस धापा टाकत आले.

"वहिनी, गंमतच झाली! मशीनचे सेल माझ्या खिशातच राहिले." त्यांनी तळहातावरचे चपटे सेल दाखवले. "मघाशी नुसतंच कानात खोचलं की हो आम्ही!" ते हसले आणि हसता हसता थांबले. "पण मग मेजर 'येतंय' म्हणाले ते कसं?"

सुनेने सेलांकडे पाहिलं. मग खुर्चीतल्या पाठीकडे. पाठ ताठ झाली होती.

तिला खाट आठवली. कपाटाचं दार आठवलं. ते कुरकुरायचं कधीच थांबलं होतं. तेल कुणी घातलं, हे तिने कधी विचारलंही नव्हतं. इतक्या वर्षांत जे जे तोंडातून गेलं होतं, ते सगळं रांग लावून पुढ्यात उभं राहिलं.

चिटणीस उत्तराची वाट पाहत होते.

"कसं म्हणजे?" ती फणकारली. "चारचौघांत तोंडाशी माईक धरल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार? तुमचं मन राखलं त्यांनी. आणि तुम्ही साधे सेल घालायला विसरता!"

चिटणीस वरमले. "चुकलंच. आता घाला की मग. उद्या मुलं वाट बघतील."

तिने सेल घातले. मशीन म्हाताऱ्याच्या कानाला लावलं.

"मेजर!" चिटणीस कानाशी वाकून ओरडले. शेजारणीने खिडकीतून डोकावून पाहिलं. म्हातारा भिंतीकडे बघत राहिला.

"कानाची नसच गेलीय त्यांची. मशीन बिचारं काय करणार?" सून म्हणाली. "आता शाळेत नेऊन हसं करू नका त्यांचं."

चिटणीसांनी थोडा विचार केला. मग मशीन हळूच काढलं, रुमालाने पुसलं आणि डबीत ठेवलं. "पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या सत्काराला होईल," म्हणाले, आणि डबी खिशात टाकून जिना उतरले.

सुनेने दार लावलं. काय बोलावं हे तिला सुचेना. या घरात असं पहिल्यांदाच होत होतं.

शेवटी ती मोरीपाशी गेली. त्याच्याकडे पाठ करून तिने नळ पूर्ण सोडला. पाणी भांड्यांवर धडधडू लागलं. मग रोजच्यासारखी, भांड्यांशीच पुटपुटावं तशी, ती म्हणाली, "ताट गरम करते. दोन घास खाल्ले, तर मलाही जेवण जाईल."

तिने वळून पाहिलं तेव्हा म्हातारा वाकून बुटाच्या नाड्या सोडत होता.