सात चाळीसची मोजणी

"वही काढली त्याने," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "मागे वळून बघू नका."

शेजारी उभी असलेली चष्मेवाली वळता वळता थांबली. "कोणी?"

"तो उंच, छत्रीवाला. वाहतूक खात्याचा माणूस. मोजणीला आलाय." बाईंनी थांब्याच्या खांबावर चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. सात चाळीसची बस रिकामी धावते अशी तक्रार आली होती. या आठवड्यात प्रवासी मोजून ती चालू ठेवायची की बंद करायची ते ठरणार होतं. "तुम्ही नव्या दिसता. पिवळ्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू येणार होते, त्या तुम्हीच ना?"

"इथे नवीनच आहे मी," चष्मेवाली हसून म्हणाली.

बस आली. बाई तिच्याच शेजारी बसल्या आणि त्यांनी डोकी मोजली. नेहमीचे अकरा, तेही त्यांना स्वतःला धरून. एवढ्या मोठ्या बसमध्ये अकरा माणसं म्हणजे रिकाम्या पोत्यात चार दाणे!

वस्तीच तशी होती. शहराच्या टोकाला ओळीने घरं, पुढे कुंपण, कुंपणाआड गाडी. आठच्या आत सगळे कामाला पांगायचे आणि संध्याकाळी येऊन दारं लावून घ्यायचे. शेजारच्या घराला रंग दिलेला दिसायचा, पण शेजारी आजारी पडलेला कळायचा नाही.

"बस गेली तर माझी पंचाईत आहे हो," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या टोकाला माझी थोरली बहीण राहते. हल्ली तिला माणसं ओळखू येत नाहीत. मी म्हणजे तिचे केस विंचरायला येणारी कोणीतरी, एवढंच तिला ठाऊक. नऊच्या आत पोचले नाही, तर केस मोकळे सोडून दारात उभी राहते. मग दिवसभर कोणाला हात लावू देत नाही."

चष्मेवाली त्यांच्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, "मग आता?"

"आता काय! अख्खी वस्ती या बसमध्ये कोंबते की नाही बघा. तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी, पोरांना रांगेत उभं करणं काही नवं नाही. तुम्ही नर्स व्हा. रोज इस्पितळात जाता. जमेल?"

"नर्स?" चष्म्याआडचे डोळे चमकले. "पांढरे बूट आहेत माझ्याकडे!"

त्या संध्याकाळी बाईंनी रस्त्यावरची एकही घंटी सोडली नाही. निम्मी घरं त्यांच्या विद्यार्थ्यांचीच. त्यांना नाही म्हणायची कोणाची प्राज्ञा? दंतवैद्याने गाडीचं निमित्त काढलं.

"सातवीत तू नकाशातल्या नद्या डोंगरावर चढवल्या होत्यास," बाई म्हणाल्या. "मी पास केलं होतं तुला."

दंतवैद्य सकाळी मुकाट्याने रांगेत हजर.

मंगळवारी सत्तावीस जण चढले, बुधवारी एकेचाळीस. वीस वर्षांत बसमध्ये पाऊल न टाकलेला जाडा इंजिनियर दारातच अडकला आणि त्याला मागून सुनेने ढकललं. ऐंशीचे आजोबा कोट घालून, रिकामी ब्रीफकेस छातीशी धरून बसले होते.

"कुठे निघालात, आजोबा?" बाईंनी वहीवाल्याला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं.

"कोर्टात. घटस्फोट घ्यायला."

"मीसुद्धा तिथेच निघालेय," शेजारच्या आजी म्हणाल्या. "जागा धरून ठेवा म्हटलं तर खिडकी स्वतः बळकावलीत! हेच कारण सांगणार मी."

बस हसून हसून लोळायची बाकी राहिली. ड्रायव्हर आरशात बघत डोळे पुसत होता. चष्मेवालीने तर कमालच केली. "काल तीन बाळंतपणं झाली," ती सगळ्यांना सांगत सुटली, "त्यात एक जुळं!"

"आवरा," बाईंनी तिला चिमटा काढला. "बुधवारी जुळं, गुरुवारी तिळं, असं करत बसाल."

खोटे प्रवासी तिसऱ्या थांब्यावर बागेपाशी उतरायचे आणि रमतगमत घरी परतायचे. चालता चालता एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना राहणाऱ्या दोघांना कळलं की दोघेही कित्येक वर्षं बुद्धिबळासाठी भिडू शोधताहेत. इंजिनियरची सून दंतवैद्याच्या आईकडून विणकाम शिकायला लागली. आपल्या रस्त्यावर इतकी माणसं राहतात, हा शोध सगळ्यांनाच नवा होता.

वहीवाला मात्र तिन्ही दिवस खाली मान घालून लिहीत राहिला.

बुधवारी तो शेवटच्या थांब्यावर बाई आणि चष्मेवालीच्या मागोमाग उतरला आणि थेट समोर येऊन उभा राहिला. बाईंनी चष्मेवालीचा हात घट्ट धरला.

"एक विचारू का?" तो संकोचून म्हणाला. "तुमच्याकडे एखादं घर भाड्याने मिळेल?"

"घर?"

"बस किती वाजता पोचते ते तीन दिवस लिहून काढतोय. ऑफिस गाठता आलं पाहिजे ना. आधी मला वस्ती फार सुनी वाटली होती. पण काल बायकोला म्हटलं, राहायचं तर याच माणसांत!"

त्याने आपला नंबर लिहून दिला आणि घाईघाईने निघून गेला. बाई मटकन बाकावर बसल्या.

"म्हणजे खात्याचा माणूस अजून आलाच नाही! आता उद्या पुन्हा एवढे जण कुठून उभे करू? आजोबांनी रोज रोज किती वेळा घटस्फोट घ्यायचा?"

बोलता बोलता त्यांनाच हसू फुटलं. चष्मेवाली तर पोट धरून हसत होती. शेवटी चष्मा काढून, डोळे पुसून ती बाईंच्या शेजारी बसली.

"उद्या कोणाला आणू नका, बाई," ती म्हणाली. "नियमाला आठच लागतात. सोमवारी मी अकरा मोजले आणि संध्याकाळीच 'बस चालू ठेवावी' असं लिहून दिलं. काल आणि आज मी रजा टाकून आलेय."