पुंगळीची कोरडी मान

अर्डिस काडतुसं भरायच्या प्रेसचा दांडा वर घेत होती, तेवढ्यात आतली रिकामी पुंगळी किंचाळली. तिनं ती पितळी पुंगळी खिडकीपाशी नेऊन पाहिली. मानेवर केसाएवढी चीर.

"गेली! वेन्डल, एक गेली!"

वेन्डल गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. त्यानं शांतपणे पान उलटलं. त्याला पुंगळीही ऐकू आली नव्हती आणि बायकोही. जन्मभर कानाशी बार काढल्यावर दुसरं काय होणार! डॉक्टरांनी दिलेली कानाची यंत्रं सहा वर्षं मोज्यांच्या खणात पडून होती. ती म्हाताऱ्यांसाठी असतात, असं वेन्डलचं मत होतं. त्याला बहात्तरावं लागलं होतं.

चूक अर्डिसचीच होती. मानेच्या आतून ग्राफाइटच्या निसरड्या पुडीतला ब्रश फिरवायचा आणि मगच पुंगळी साच्यात घालायची, नाहीतर मान रुंद करणारा साच्यातला मणी बाहेर येताना कोरडी मान खरवडत येतो. हे तिला पाठ होतं. पण ब्रश हातात घेतला आणि नेमका बहिणीचा फोन आला. सोडतीची हकिगत चौथ्यांदा सांगून होईपर्यंत बाई हवेत तरंगत होत्या आणि ब्रश पुडीतच राहिला होता.

तरंगणारच हो! रानमेंढ्याच्या शिकारीचा परवाना लागला होता अर्डिसला. मोंटानात माणसं जन्मभर त्या सोडतीत नाव घालतात आणि तो कागद न बघताच मरतात. तिचे वडील असेच गेले. म्हणून तर तिला त्यांचीच रायफल डोंगरावर न्यायची होती. पण त्या रायफलीची काडतुसं आता कुणी बनवत नाही. जुन्या पुंगळ्याच पुन्हा भरायच्या, आणि त्या होत्या मोजून नऊ. आता आठ.

ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली आणि चिरलेली पुंगळी त्याच्या पेपरावर ठेवली.

"कोरडी ओढलीस," तो म्हणाला.

"मग तू कशाला बसलायस इथे?" ती त्याच्या कानाशी ओरडली.

"हे बघ, माझी रायफल घेऊन जा. तिची काडतुसं दुकानात मिळतात."

"बाबांचीच नेणार."

"ने. आपलं आपण बघ." त्यानं पेपर पुंगळीसकट खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी फॉर्म भरतोय, चाळीस! एकटा काय भरू म्हणून तुझाही भरायला लागलो. पाकिटावर तिकीटसुद्धा मीच चिकटवायचो. आणि मेंढा कुणाला? आयत्या बिळावर नागोबा!"

गेले दोन महिने हे असंच चाललं होतं. गावातल्या झाडून सगळ्यांनी अभिनंदन केलं होतं, एक वेन्डल सोडून. बरोबर येतो असंही तो म्हणाला नव्हता, आणि तिला तेच सगळ्यात लागलं होतं. परवाना तिच्या नावाचा असला तरी त्या कड्यांवर एकटीनं चढण्यात तिला काडीचा रस नव्हता.

"दरवर्षी दांडा तू ओढतोस आणि स्वयंपाकघरातून कान मी देते," ती मोठ्यानं म्हणाली. "जरा किंचाळली की 'कोरडी!' म्हणून ओरडते की नाही? किती पुंगळ्या वाचवल्या मी तुझ्या! आज माझं चित्त ठिकाणावर नाही, वेन्डल. आनंदानं उडालंय. माझं मलाच काही ऐकू येत नाही. आणि तू रुसून बसलायस."

वेन्डल उठला आणि घरात निघून गेला.

"जा!" ती पाठमोऱ्या नवऱ्यावर ओरडली आणि प्रेसकडे परतली. ब्रश पुडीत बुडवला. पण पुढची पुंगळी उचलायचा तिला धीर होईना.

थोड्या वेळानं वेन्डल परत आला. खुर्ची उचलून त्यानं थेट प्रेसच्या शेजारी टाकली आणि बसला. त्याच्या दोन्ही कानांत ती यंत्रं होती. एकाला मोज्याचा तांबडा धागा अजून लटकत होता.

अर्डिसनं धाग्याकडे पाहिलं. तिला हसू आलं आणि रडूही आलं, पण यातलं काहीच तिनं चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"हं, ओढ," तो म्हणाला. "हळू. बडबड बंद."

तिनं हात पुढे केला, तो आठ पुंगळ्यांकडे नाही. पेपरावरची ती चिरलेली पुंगळी तिनं आणली, कोरडीच साच्यात घातली आणि दांडा दाबला. मग अगदी सावकाश, पाळण्यातल्या बाळाला जाग येऊ नये इतक्या सावकाश, तो वर घ्यायला सुरुवात केली. पुंगळी जेमतेम कुरकुरली.

"कोरडी!" वेन्डल ताडकन उठून उभा राहिला. मग त्यानं पुंगळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "लबाड! फुटकीच घातलीस!"

"बघत होते, ऐकू येतंय का."

"येतंय," तो म्हणाला. तो खाली बसला. "बऱ्याच वर्षांनी ऐकली."

मग काम सुरू झालं. ब्रश, पुंगळी, दांडा. ब्रश, पुंगळी, दांडा. वेन्डल मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत होता. एकही किंचाळली नाही. सात झाल्या. आठवी साच्यातून अलगद सुटली. अर्डिसनं दांड्यावरचा हात काढला नाही. वेन्डलकडे वळलीही नाही. भिंतीकडे बघत ओठातल्या ओठात पुटपुटली, "येशील ना रे?"

"ओरडू नकोस एवढी," वेन्डल म्हणाला. "मेंढे पळतील."