डाव्या वळणाच्या गोगलगायी

खऱ्या गोगलगायीचा शंख उजवीकडे वळतो. डावीकडे वळणारी हजारांत एखादी.

पांढऱ्या लेसवर मेलन सोडा सांडला तर चोळू नये. टिपून घ्यावा.

चहापार्टीचा नियम चौथा: नकली फ्रॉक घालून येऊ नये. आलेल्यांनी सबबी न सांगता घरी जावे.

नावनोंदणीच्या कार्डावरचा मजकूर: ओतोहा, वय एकोणीस, राहणार कोफू. पहिल्यांदाच येते आहे, सांभाळून घ्या. खाली हसरा ढग.

"हिच्या फ्रॉकचा खिसा उजवीकडे आहे, सेन्सेइ," कोनात्सु चिझुरूच्या कानाशी लागून म्हणाली. पार्टीची सगळी व्यवस्था कोनात्सुकडे होती. "आणि गोगलगायीसुद्धा उजव्या. कमाल आहे की नाही? आणि आजच्या दिवशी!"

चिझुरूने तो फ्रॉक दारातूनच ओळखला होता.

हाराजुकूच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान होतं, 'हिदारिमाकी'. म्हणजे डाव्या वळणाचा. डोकं फिरलेल्यालाही लोक तेच म्हणतात आणि चिझुरूला दोन्ही अर्थ आवडायचे. पंचवीस वर्षांपूर्वी तिने एक राखाडी फ्रॉक विकायला ठेवला. डाव्या बाजूला खिसा. घेरापासून कमरेकडे चढत जाणाऱ्या, रेशमाने भरलेल्या नऊ गोगलगायी, नवाच्या नऊ डाव्या वळणाच्या. "जग उजवीकडे वळतं. आम्ही नाही," असं ती तेव्हा एका मासिकात बोलली होती. मुलींनी ते वाक्य पिशव्यांवर रंगवून घेतलं. त्या एका फ्रॉकवर दुकान उभं राहिलं.

आज त्याच फ्रॉकची पंचविशी. दुकानावरच्या माडीत चाळीस मुली आल्या होत्या. चाळीस टोपडी, चाळीस फुगलेले परकर. आणि मधोमध ही.

किती सहन करायचं माणसाने? पोरी आठ-आठ महिने दुकानांत उभं राहून काम करतात, दुपारी भाताच्या एका ओनिगिरीवर भागवतात आणि मग खरा फ्रॉक अंगावर चढवतात. त्यांच्या शेजारी ही खुशाल नक्कल घालून केक खात बसणार! नकलांविरुद्ध चिझुरूने तीन खटले लढवले होते. तिन्ही जिंकली होती.

"उभी राहा जरा," ती म्हणाली.

बशा वाजायच्या थांबल्या. ओतोहा उभी राहिली.

"कुठून घेतलास हा?"

"घेतला नाही, सेन्सेइ. आईनं शिवलाय."

"पकडलं की सगळ्यांच्या आया शिवायला लागतात," कोनात्सु म्हणाली. हशा पिकला.

"लेबल?"

"नाहीये."

"असणार कसं? अगं, निदान नक्कल तरी धड करावी! शंखाचं वळण तरी बघावं!"

"आईनं बघूनच काढलंय," ओतोहा हळूच म्हणाली. "कुंडीतली गोगलगाय काचेच्या पेल्याखाली ठेवून. ती म्हणते, गोगलगाय अशीच असते."

"कधी काढलं?"

"माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. ती कोएन्जीला राहायची तेव्हा."

चिझुरूने कप बशीत ठेवला. तो नीट बसला नाही, तिने पुन्हा ठेवला.

"आई आली आहे का आज?"

"नाही. तिला गर्दी सोसत नाही. तिला तुमचं दुकानही ठाऊक नाही. मीच मासिकात तुमचा फ्रॉक पाहिला आणि वाटलं, अय्या, हा तर आईच्यासारखा! म्हणून पेटीतून काढून घालून आले. वाटलं, तुम्हाला बघून मजा वाटेल."

"मजा?" चिझुरूचा आवाज चढला. "माझं अख्खं आयुष्य आहे या नऊ गोगलगायींत. ते कुणी उचलून न्यायचं, उलटंसुलटं करायचं आणि वर माझ्याच दारात येऊन मिरवायचं? याची मजा वाटायची मला?"

"चोरटी," मागून कुणीतरी म्हणालं.

ओतोहाने कमरेत वाकून माफी मागितली. तिचे कान लाल झाले होते. "मी जाते," ती म्हणाली आणि खुर्चीवरची पिशवी उचलली.

"थांब."

चिझुरू खाली दुकानात गेली आणि पातळ कागदात गुंडाळलेला नवा कोरा फ्रॉक घेऊन वर आली. लेबलासकट. कोनात्सुने आ वासला.

"पोरीला चूक सुधारायची संधी मिळाली पाहिजे," चिझुरू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हा घे. असली. पैसे नकोत. तो काढून दे."

"नको, सेन्सेइ. एवढा महागाचा... मला आईचाच बरा."

"बाई गं, नशीब काढलंस आणि नाही काय म्हणतेस!" कोनात्सु तिला पडद्यामागे ढकलत म्हणाली. "आमच्यासारखीनं पाय धरले असते."

"पण मी तिला विचारलं नाहीये. मी परत नेते तो, पुन्हा कधी घालणार नाही. शपथ."

"नकली कापड या माडीवरून बाहेर जात नाही," चिझुरू म्हणाली. असा नियम चहापार्टीच्या नियमांत नव्हता. कुणी तसं म्हणालं नाही.

पडदा हलला. आतून एक हात बाहेर आला, घडी घातलेला राखाडी फ्रॉक धरून. चिझुरूने तो घेतला, उलटा करून शिवणी पाहिल्या, कापडी पिशवीत कोंबला आणि पिशवीची नाडी दोनदा गाठली.

ओतोहा नव्या फ्रॉकमध्ये बाहेर आली. चाळीस मुलींनी टाळ्या वाजवल्या. दोघी-तिघींचे डोळे भरून आले. "सेन्सेइ म्हणजे सेन्सेइच," कोनात्सु म्हणाली आणि केक कापायला घेतला.

एकोणीसशे नव्याण्णवच्या मार्चमध्ये, कोएन्जीतल्या एका सलूनमध्ये केसांना रंग लावून बसलेल्या चिझुरूने, मागच्या बाकावर आपल्या नंबराची वाट पाहणाऱ्या एका अनोळखी बाईचा फ्रॉक, समोरच्या आरशात बघत बघत, मासिकाच्या कोऱ्या कडेवर उतरवून घेतला होता.