वाऱ्याची साक्ष

"म्हणजे माझ्या थिनरला नुसते पाय नाही, पंखही फुटले," मालक म्हणाले.

"वाराच नेतो, साहेब," जावई म्हणाला. द्रवांची वाफ किती वेगाने होते हे मोजायची त्याची प्रयोगशाळेत नोकरी होती. सासरे या रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं भांडार सांभाळत होते. गेले दोन महिने उघड्या टाकीतलं थिनर आठवड्याला पाच लिटर कमी भरत होतं. संध्याकाळपर्यंत कारण कळलं नाही, तर मालक पोलिसांत जाणार होते.

"थिनरच्या अंगावर त्याच्याच वाफेची गोधडी असते. हवा स्थिर असली की ती तशीच राहते, मग खालचं सावकाश उडतं. तुम्ही टाकीसमोर नवी खिडकी पाडलीत. वारा ती गोधडी सारखी ओढून नेतो."

बोलताना त्याने सासऱ्यांकडे पाहिलं नाही. त्यांना तो मामा म्हणे. थिनर मामांनीच विकलं, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बायको रडली म्हणून तो आला होता. शास्त्राला खोट्या साक्षीला उभं करतोय, या विचाराने त्याचे कान तापले होते.

दोन परातींत सारखं थिनर तोलून ओतलं. एक परात खोक्यांच्या आडोशाला ठेवली, दुसरी खिडकीसमोर. ठिणगी नको म्हणून पंखा खिडकीबाहेर लावला. राखणीला मामा बसले.

"चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली," मालक पुटपुटले. पण त्या वासात तीन तास बसायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मालक तर तीन मिनिटांत बाहेर.

तीन तासांनी परत वजन केलं. आडोशाची परात ऐंशी ग्रॅमने घटली होती, वाऱ्यातली चारशेने. जावयाच्या अंदाजापेक्षाही जास्त.

मालकांनी काटा दोनदा पाहिला. मग मामांचे दोन्ही हात धरले. "चुकलो. खिडकी उद्याच बुजवतो."

मामांनी हात सोडवून घेतले आणि आपली पिशवी उचलली.

रस्त्यावर आल्यावर जावयाला राहवेना. आकडे खरे निघाले होते, म्हणजे मामाही खरे होते.

"मामा, मी तुम्हालाच चोर समजत होतो. तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते."

"मला कुठे कमी वाटतेय, जावईबापू?" मामा म्हणाले. "तुम्ही गेलात आणि पंखा बंद पडला. वायर हलवून हलवून बोटं दुखली. लागला तो तुम्ही यायच्या जरा आधी."

"मग परातीतलं थिनर?"

मामांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढला आणि अंगापासून लांब धरला.

"सव्वीस वर्षांतली पहिली चोरी," ते म्हणाले. "झाकण घट्ट आहे. वारा नाही लागायचा."