वीस वर्षांची मुदत

“घरच्या पाण्याला बी किल्ली मागायची!” सुकेशनी थोरल्या जावेच्या, रत्नमालाच्या कानाशी पुटपुटली. दुष्काळात वाळूजला टँकर कधीमधीच यायचा, आणि वीस वर्षांपूर्वी घर बांधल्यापासून टाकी-कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा सासूच्या, बानाबाईच्या कमरेला होता. रत्नमालानं नेहमीसारखं नुसतं ‘हं’ केलं.

ओसरीवर रत्नमालाची लेक श्रेया परीक्षेचा धडा मोठ्यानं वाचत होती. “अमेरिकेनं साऱ्या देशासाठी एक बँक काढली. मुदत वीस वर्षांची. पण सगळा कारभार एका हाती कित्येकांना नको होता, म्हणून मुदत वाढवून दिली नाही.”

घागर घासणारे दोघींचे हात थबकले.

“मंग?” बानाबाईनं विचारलं.

“मग लढाई आली, पैशाचा गोंधळ उडाला, आन् पाच वर्षांत तसलीच बँक परत काढावी लागली, आजी.”

“बघा!” बानाबाईनं खुशीत जुडगा वाजवला.

रत्नमालानं घागर खाली ठेवली. “आमचा बी होऊ द्या गोंधळ, आत्याबाई. पण आता किल्ल्या द्या.”

“बया! एवढं म्हणायला वीस वर्षं लावली व्हय गं?” जुडगा सोडत बानाबाई म्हणाली. “वागवून वागवून कंबर गेली की माझी!”