ओलं गोणपाट

शंकरच्या नातीचं बारसं झालं त्याच वर्षी धाकट्या भावाने, गुणाजीने, पर्यटकांच्या खोल्यांसाठी दोघांचा सामाईक फणस तोडायला मागितला. फणसाची सावली दुपारभर शंकरच्याच घरावर असायची. “वयनी, तुका उष्मो लागाचो नाय, पयलो एसी तुझ्या खोलयेत,” असं त्याने देवापुढच्या नारळावर हात ठेवून सांगितलं. आई गेल्यावर त्याला या जानकीवहिनीनेच वाढवलं होतं. तिनेच शंकरला राजी केलं, आणि फणस पडून तिथे खोल्या उभ्या राहिल्या. पुढच्या चैत्रात जानकी अंथरुणाला खिळली. शंकर खिडकीला ओलं गोणपाट टांगायचा. पूर्वी ते तिन्हीसांजेपर्यंत गार राही. आता बादली ठेवेस्तोवर कोरडं होई. एकदा मागीलदारी जाऊन बघतो, तर गुणाजीच्या भिंतीवरचं यंत्र खिडकीवर गरम वारा ओकत होतं. “गुणाजीन एसी लायल्यान काय वो?” जानकीने विचारलं. “लायल्यान गो. पाठ आपल्याकडे करून.” अक्षयतृतीयेच्या आदल्या दिवशी दुपारी जानकी वारली.